पडद्यावरचा डिटेक्टिव्ह पुस्तकात शिरतो तेव्हा

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात आम्ही लिहून गेलो की, दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर मालिकांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांपैकी काही मूळ मालिकांइतक्याच वाचनीय आहेत. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की, या महिन्याचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. काही पत्रे चौकशीची आहेत, काही सरळ तक्रारीची. तक्रारी आधी घेणे रीतीला धरून झाले असते. परंतु नाशिकच्या वाचकांचा प्रश्न इतका साधा आणि मुळाशी जाणारा आहे की, सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न (नाशिक): जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला एक इंग्रजी रहस्यकादंबरी मिळाली. तिच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून जेसिका फ्लेचर आणि डोनाल्ड बेन अशी दोन नावे आहेत. जेसिका फ्लेचर हे तर ‘मर्डर, शी रोट’ या मालिकेतील पात्र. पात्राने पुस्तक कसे लिहिले?

उत्तर: लिहिले ते डोनाल्ड बेन यांनीच, जेसिकाबाईंनी फक्त नाव दिले. ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ३० सप्टेंबर १९८४ ते १९ मे १९९६ या काळात चालली आणि तिचे २६४ भाग झाले. अँजेला लॅन्सबरी यांनी रंगवलेली जेसिका ही मेन राज्यातील कॅबट कोव्ह या काल्पनिक गावातील निवृत्त शिक्षिका, पतीच्या निधनानंतर एकटी राहणारी आणि उतारवयात अचानक नावारूपाला आलेली रहस्यकथालेखिका आहे. म्हणजे मालिकेतच ती पुस्तके लिहीत होती, आणि प्रकाशकांनी तिचे ते लेखिकापण उचलून खऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवले. यात एक गंमत आहे, ती मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. मालिकेतील जेसिका काल्पनिक खुनांच्या कादंबऱ्या लिहिते. तुमच्या हातातील पुस्तकांत ती स्वतः सोडवलेल्या खुनांची हकिगत सांगते. तेव्हा काल्पनिक बाईचे हे एक प्रकारे आत्मचरित्रच म्हणायचे.

मालिका सुरू झाल्यावर लवकरच जेम्स अँडरसन या ब्रिटिश लेखकाने तिच्या काही भागांच्या कादंबऱ्या केल्या होत्या. बेन यांनी १९८९ मध्ये ‘जिन अँड डॅगर्स’ हे पुस्तक लिहिले ते नव्या, स्वतंत्र कथानकाचे. त्यात त्यांच्या हातून एक चूक झाली, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. त्यांनी जेसिकाला मोटार चालवायला लावली. मालिका नियमाने पाहणाऱ्याला हे वाचून ठेच लागलीच पाहिजे, कारण जेसिका मोटार चालवायला कधी शिकलेलीच नाही. गावात ती सायकलवरून फिरते आणि लांब जायचे झाले की कोणाच्या तरी गाडीत बसते. ही केवळ स्वभावातील लकब नव्हे. ती गाडी चालवत नाही म्हणूनच तिच्या शेजारी सदैव कोणी तरी चालक असतो, त्या चालकाशी तिचे बोलणे होते, आणि पुष्कळदा हवा तो धागा त्या बोलण्यातूनच हाती लागतो. बाईंच्या हाती चाक दिले की कथेतील एक बोलका माणूस कमी झाला. वाचकांनी ही आणि अशा इतर चुका दाखवून दिल्या आणि २००० साली हे पुस्तक बहुतेक दुरुस्त्या करून पुन्हा छापण्यात आले. पुढे बेन यांनी कादंबऱ्यांतील जेसिकाला विमान चालवण्याचा परवाना मिळवून दिला, म्हणजे मोटार येत नाही पण विमान येते. ही भर मात्र वाचकांनी आनंदाने पत्करली, कारण तिने पूर्वीचे काहीच मोडले नव्हते.

दुसऱ्याच्या नावाने लिहिणे हा बेन यांचा जवळजवळ जन्माचा धंदा होता. दोन हवाई सुंदरींच्या आठवणी म्हणून १९६७ मध्ये गाजलेले एक पुस्तक त्यांनीच लिहिले होते, आणि त्यावर छापलेल्या त्या दोघी प्रत्यक्षात नव्हत्याच. २०१७ मध्ये ते वारले. जेसिकाचे लेखन त्यानंतरही थांबलेले नाही. जोडलेखक बदलतात, पहिले नाव तेच राहते, आणि पुस्तकांची संख्या ५० च्या पुढे गेली आहे.

प्रश्न (कोल्हापूर): मी निवृत्त शिक्षक आहे. पटकथा समोर ठेवून मधे मधे ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ घातले की अशी कादंबरी होते, असे माझे मत आहे. हा शिळ्या कढीला आणलेला ऊत नव्हे काय?

उत्तर: गुरुजी, तुमचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि त्या निम्म्याला कारणही आहे. १९५० ते १९८० या काळात पाहिलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय सामान्य प्रेक्षकाला नव्हती. वाहिनीने फेरप्रक्षेपण केले तर ठीक, नाही तर तो भाग गेला तो गेलाच. अशा वेळी औषधांच्या दुकानांत आणि बसस्थानकांवर फिरत्या लोखंडी घडवंचीवर ठेवलेले स्वस्त पॉकेटबुक हीच त्या मालिकेची घरी नेता येणारी आठवण होती. ही पुस्तके ठरावीक मानधनावर, थोड्या आठवड्यांच्या मुदतीत लिहून घेतली जात, आणि सर्व हक्क निर्मात्यांकडे राहत. त्यातून जे यायचे तेच आले. तरीही त्या घडवंचीवर अधूनमधून एखादे अनपेक्षित नाव सापडते. चाकाच्या खुर्चीत बसून तपास करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘आयर्नसाइड’वर १९६७ मध्ये निघालेली कादंबरी जिम थॉम्पसन यांची आहे. आज अमेरिकी गुन्हेगारी कादंबरीतील थोरांत त्यांची गणना होते. त्या काळात मात्र त्यांना पैशांची निकड होती.

उरलेल्या निम्म्याबद्दल मात्र आमचा मतभेद आहे. कॅमेरा माणसाला बाहेरून पाहतो. कादंबरीला तेच बाहेरून पाहणे परवडत नाही, कारण नटाचा चेहरा तिच्याजवळ नसतो. म्हणून ज्या लेखकाला ‘ही गोष्ट सांगणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर सापडते, त्याचे पुस्तक उभे राहते. बाकीची पटकथेची नक्कल होऊन बसतात. ‘मंक’ या मालिकेचे उदाहरण घ्या. एड्रियन मंक हा जंतूंपासून दुधापर्यंत सगळ्याची धास्ती घेतलेला, विलक्षण बुद्धीचा माजी पोलीस अधिकारी. त्याच्या मनातून कथा सांगितली असती तर दहा पानांत वाचकाला गुदमरायला झाले असते. ली गोल्डबर्ग यांनी २००६ पासून या मालिकेवर १५ कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्या सर्व मंकची मदतनीस नॅटली टीगर हिच्या तोंडून सांगितल्या. नॅटलीला घरभाडे भरायचे असते, मुलगी वाढवायची असते, आणि मालक सांडलेले पाणी पाहून जागचा हलत नसतो. मालिकेत जिच्या चेहऱ्यावरचा वैताग आपण क्षणभर पाहत होतो, ती इथे तो वैताग पानभर सांगते. आणि त्या वैतागातच मंकविषयीची माया कशी मिसळलेली आहे हे पडद्यापेक्षा पुस्तकात अधिक स्पष्ट कळते. पहिल्या कादंबरीत आगीच्या बंबवाल्यांच्या ठाण्यातील कुत्र्याला कोणी तरी मारते आणि त्याचा खुनी शोधून देण्यासाठी नॅटलीची मुलगीच मंकला कामाला लावते. पुढे याच कादंबरीवरून मालिकेचा एक भाग तयार झाला आणि त्याची पटकथा लिहिण्यात गोल्डबर्ग स्वतः होते. शिळी कढी, गुरुजी, सहसा अशी उलट दिशेने वाहत नाही.

दुसरे उदाहरण डेन्मार्कचे. सोरेन स्वाइस्ट्रुप यांची ‘फोरब्रीदेल्सन’ ही मालिका २००७ मध्ये आली. एका तरुण मुलीच्या खुनाचा तपास २० भागांत, प्रत्येक भागाला एक दिवस या हिशेबाने चालतो. इंग्लंडमध्ये ‘द किलिंग’ या नावाने ती गाजल्यावर डेव्हिड ह्युसन या इंग्रज कादंबरीकाराने तिची कादंबरी केली, ती २०१२ मध्ये निघाली. ती चांगलीच जाडजूड आहे आणि ह्युसन यांनी तिचा शेवट बदलला आहे. कसा, ते इथे सांगणे हा वाचकद्रोह होईल. पण बदलणे आम्हाला योग्य वाटते, कारण मालिका पाहिलेल्या माणसाला खुनी ठाऊक असतो आणि त्याने इतकी पाने पुन्हा उलटावीत यासाठी लेखकाने पदरचे काही तरी द्यायलाच हवे. उलट तपास अधिकारी सारा लुंडचा तो विणलेला स्वेटर, ज्याच्यामुळे निम्म्या युरोपने लोकर विकत घेतली असावी असे वाटण्याइतका तो पडद्यावर गाजला, तो पुस्तकात शब्दांचा एक स्वेटर होऊन राहतो. तेवढे नुकसान सोसावेच लागते.

मालिकेच्या निर्मात्यानेच कादंबरी लिहिली तर सोय आणखी वाढते. ‘लूथर’चे जनक नील क्रॉस यांनी २०११ मध्ये लिहिलेली कादंबरी मालिकेच्या पहिल्या दृश्याच्या आधी घडते आणि बरोबर त्या दृश्यापाशी येऊन थांबते. तिला कोणी पटकथेची नक्कल म्हणू शकणार नाही, कारण तशी पटकथा मुळात नव्हतीच.

प्रश्न (ठाणे): ‘कोलंबो’ ही माझी सर्वांत आवडती मालिका. तिच्यावरील दोन कादंबऱ्या मिळवून वाचल्या आणि निराश झाले. संवाद तेच, रेनकोट तोच, तरी माणूस तो वाटत नाही. असे का होते?

उत्तर: बाई, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. आतापर्यंत आम्ही पात्राच्या आत शिरण्याचे गुण गायले. कोलंबोच्या बाबतीत ते सगळे उलटे होते.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीने निर्माण केलेला हा पोलीस लेफ्टनंट पीटर फॉक यांच्या रूपात १९६८ च्या दूरचित्रपटात प्रथम दिसला आणि १९७१ पासून त्याची मालिका झाली. मालिकेची रचना तुम्हाला पाठ असेल: खून कोणी केला हे आपल्याला आरंभीच दाखवतात, कोलंबो पुष्कळ उशिराने येतो, आणि त्याने तो कसा पकडला एवढेच पाहायचे उरते. पण खरे कुतूहल त्याहून खोल आहे. या माणसाला संशय नेमका कोणत्या क्षणी आला? दाराशी पाऊल ठेवताच, की तिसऱ्या भेटीत? मालिका ते कधीच नक्की सांगत नाही. तो बायकोच्या आवडीनिवडी सांगत बसतो, समोरच्याची पेन्सिल मागतो, निघून जातो आणि दारातून परत वळून ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणतो. या वळण्याची जन्मकथा लेखकांनीच सांगितली आहे. एका प्रवेशात कोलंबो दृश्यातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की एक प्रश्न राहिला. टंकलेखन यंत्रावर सगळे पान पुन्हा उतरवायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी त्याला दारातूनच परत बोलावले. कंटाळ्यातून इतकी देखणी लकब क्वचितच जन्मली असेल.

आता अशा माणसाच्या कादंबरीत लेखकाने ‘कोलंबोच्या मनात विचार आला’ एवढे चार शब्द लिहिले की सगळा डाव उधळतो. झाकलेली मूठ उघडल्यासारखे होते. त्याला संशय आला आहे हे कळले तर त्याचा बावळटपणा हे नाटक ठरते. आला नाही असे सांगितले तर तो खरोखरच बावळट ठरतो. मालिकेची मौज या दोहोंच्या मधल्या अंधारात आहे. म्हणून कोलंबोची कथा सांगायला योग्य माणूस एकच, तो म्हणजे खुनी. खुन्याच्या डोक्यात बसून आपण त्या मळक्या रेनकोटवाल्याला कमी लेखायचे, दुसऱ्या भेटीत किंचित अस्वस्थ व्हायचे, आणि चौथ्या भेटीत दाराची घंटा वाजली की घशाला कोरड पडू द्यायची.

१९७० च्या दशकात पॉप्युलर लायब्ररी या प्रकाशनाने काढलेल्या छोट्या पुस्तकांना हे अधूनमधून साधले आहे, कारण त्यांतील काही थेट भागांवरून घेतलेली असल्याने मूळ रचनाच त्यांना सांभाळून नेते. त्यांपैकी ली हेज यांनी १९७६ मध्ये केलेले ‘मर्डर बाय द बुक’चे कादंबरीरूप मिळाले तर जरूर पाहावे. मूळ भाग १९७१ चा, स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तरुणपणी दिग्दर्शित केलेला. रहस्यकथा लिहिणाऱ्या एका जोडीतील लिहिता लेखक वेगळा व्हायला निघतो, आणि ज्याने आजवर एक ओळही लिहिलेली नाही तो दुसरा त्याला ठार करतो. नावापुरत्या लेखकाच्या या कथेची कादंबरी, मूळ पटकथा दुसऱ्याची असलेल्या एका तिसऱ्याच लेखकाने करावी, हा योगायोग लेव्हिन्सन आणि लिंक या जोडीलाही आवडला असता.

१९९३ ते १९९८ या काळात विल्यम हॅरिंग्टन यांनी लिहिलेल्या सहा कादंबऱ्यांविषयी आमचे मत तितके चांगले नाही. केनेडींची हत्या, मॅन्सनच्या टोळीने केलेले खून, कामगारनेता हॉफा याचे नाहीसे होणे, अशी अमेरिकेची गाजलेली प्रकरणे त्यांनी कोलंबोच्या दारात आणून उभी केली. हा गडी एका घमेंडखोर श्रीमंताच्या दिवाणखान्यात शोभतो; देशाच्या इतिहासाचे कोडे त्याच्या खांद्यावर दिले की रेनकोट फार मोठा होतो. त्यापेक्षा विल्यम लिंक यांनी स्वतः लिहिलेल्या कोलंबोकथांचा २०१० मध्ये निघालेला संग्रह मिळवा. कथा लहान आहेत, आणि लेखकाला आपल्या माणसाच्या डोक्यात न डोकावण्याची जुनी सवय होती.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): ‘हीट वेव्ह’ या कादंबरीवर लेखकाचे नाव रिचर्ड कॅसल असे आहे आणि मागे छायाचित्र एका नटाचे आहे. हे काय गौडबंगाल?

उत्तर: जेसिकाच्याच घराण्यातील प्रकार, फक्त एक पायरी पुढचा. ‘कॅसल’ या २००९ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील नायक रहस्यकादंबरीकार आहे आणि तो एका महिला पोलीस अधिकाऱ्यावरून निकी हीट नावाची नायिका बेतून कादंबरी लिहितो. मालिकेत त्याने लिहिलेली ती कादंबरी त्याच वर्षी खरोखर दुकानांत आली आणि खपाच्या याद्यांतही चढली. जेसिकाच्या शेजारी निदान बेन यांचे नाव होते. इथे खऱ्या लेखकाला, म्हणजे टॉम स्ट्रॉ यांना, मुखपृष्ठावर जागाच मिळाली नाही. छायाचित्र मालिकेत कॅसल रंगवणाऱ्या नेथन फिलियन यांचे आहे.

प्रश्न (मडगाव): मालिकेमुळे मूळ लेखकाला आपलेच पुस्तक बदलावे लागले, असे कधी घडले आहे का?

उत्तर: घडले आहे, आणि लेखकाने ते खुशीने केले. कॉलिन डेक्स्टर यांच्या ऑक्सफर्डमधील इन्स्पेक्टर मॉर्सची पहिली कादंबरी १९७५ ची आणि मालिका १९८७ ची. आरंभीच्या पुस्तकांत मॉर्सकडे लान्चिया गाडी आहे. मालिकेत तांबडी जॅग्वार आली, ती लोकांच्या डोळ्यांत इतकी बसली की पुढे पुस्तकांतही जॅग्वारच झाली. सार्जंट लुईस मूळ पुस्तकांत मॉर्सहून वयाने मोठा आणि वेल्सचा होता. मालिकेत ही भूमिका करणाऱ्या केव्हिन व्हेटली यांनी तो तरुण आणि उत्तर इंग्लंडचा करून टाकला, आणि डेक्स्टर यांनी नंतरच्या कादंबऱ्यांत त्याला तसेच लिहिले.

प्रश्न (पुणे): दूरदर्शनच्या काळातील एका मराठी पोलीस मालिकेतील अधिकारी मला अजून आठवतो. त्याच्यावर नवी कादंबरी लिहून प्रसिद्ध केली तर चालेल का? मूळ कथा मी घेणार नाही, फक्त माणूस घेणार आहे.

उत्तर: ‘फक्त माणूस’ हेच तर त्या मालिकेचे भांडवल असते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती कल्पना ज्या रूपात मांडली जाते त्या मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा कडक शिस्तीचा, प्रेमळ मनाचा पोलीस अधिकारी तुम्ही खुशाल लिहावा. परंतु नाव, बोलण्याची ढब, लकबी, सहकारी, घरची माणसे यांसह ओळखू येणारी व्यक्तिरेखा ही नुसती कल्पना राहत नाही. ‘दबंग’ चित्रपटातील चुलबुल पांडे या पोलिसाबाबत मुंबई उच्च न्यायालयापुढे २०१६ मध्ये प्रकरण आले, तेव्हा अशा वैशिष्ट्यपूर्ण व्यक्तिरेखेला संरक्षण मिळू शकते असेच मत न्यायालयाने व्यक्त केले. म्हणून निर्माते किंवा त्यांचे वारस कोण आहेत ते शोधून लेखी परवानगी मागावी, आणि करार वकिलाला दाखवल्याशिवाय प्रकाशकाकडे जाऊ नये.

कायद्याबाहेरचा एक सल्ला, मागितला नसला तरी. आपल्याकडे प्रवाह बहुधा उलटा राहिला आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९९३ मध्ये दूरदर्शनवर आला तो पुस्तकांतून, आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही छोट्या पडद्यावर गेला तो पुस्तकांतूनच. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय आणि छोटू या जोडीवर होम्स आणि वॉटसन यांची सावली कोणालाही दिसेल. पण नावे बदलली, मुंबई आली, आणि पाहता पाहता धनंजय आपल्या पायांवर चालू लागला. तुमच्या आठवणीतील अधिकाऱ्याचे जे तुम्हाला खरोखर आवडले, ते नाव आणि गणवेश काढून घेतल्यावरही उरते का, हे आधी दहा पाने लिहून पाहावे. उरत असेल तर परवानगीचा खटाटोप वाचला.

प्रश्न (दादर, मुंबई): कोलंबोचे पहिले नाव काय? आमच्या घरात यावरून पैज लागली आहे.

उत्तर: आपल्यापैकी कोणी ‘फिलिप’ म्हणाले असेल तर ते हरले. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने १९७४ मध्ये आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात हे नाव मुद्दाम खोटे घातले होते, कोणी मजकूर उचलला तर चोर सापडावा म्हणून. ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या प्रश्नमंजूषेच्या खेळात तेच नाव उत्तर म्हणून छापले गेले आणि वर्थ यांनी दावा लावला. चोर सापडला, पण माहितीवर कोणाची मालकी नसते या मुद्द्यावर १९८७ मध्ये अपिलातही ते हरले. ‘फ्रँक’ म्हणणाऱ्याकडे थोडा पुरावा आहे: पहिल्या पर्वातील एका भागात कोलंबोचे ओळखपत्र क्षणभर जवळून दिसते आणि चित्र गोठवले की त्यावर हे नाव वाचता येते. निर्मात्यांनी मात्र त्याला पहिले नाव कधी दिलेच नाही, त्यामुळे पैजेचे पैसे कोणालाच देऊ नयेत.